भावोजींचा श्वास

हाउतारा, मलैता बेट
६ फेब्रुवारी १९९४

प्रिय बोनिफेस मामा,

मी घरी परत आले. सुवाहून पदवी घेऊन आले हे तुला एव्हाना कळलंच असेल, कारण आईने ते धक्क्यावर सुपारी विकणाऱ्या बाईलाही सांगितलं आहे. पदवीचा कागद तिने आधी चर्चमध्ये मारियामातेच्या पायाशी ठेवला, मग उंदीर कुरतडतील म्हणून बिस्किटांच्या डब्यात घातला. आता तो बघायला येणाऱ्याला आधी हात धुवावे लागतात.

मी मिशनच्या शाळेत शिकवायला लागले आहे. मुलांना आपल्या वेळूच्या पाव्यांबद्दल शिकवायचं मी ठरवलं आहे. जे पुस्तकात नाही ते ज्ञानच नव्हे असं त्यांना वाटतं, आणि तसं वाटायला आमच्यासारखे शिक्षकच कारण आहेत. शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात पाव्यांची एकेक जुडी असावी असं माझं स्वप्न आहे.

मामा, इथे तुझ्याबद्दल अजून बोलतात. मथायस आजोबा, म्हणजे तुमच्या मेळ्याचे म्होरके, तुझं नावही घेत नाहीत. नुसतं ‘तो’ म्हणतात. परवा मी म्हटलं, मामा ऑस्ट्रेलियात राहून आपलंच संगीत जगाला ऐकवतोय. तर म्हणाले, “काय ऐकवतोय? एक सूर तुझ्या बापाच्या, अलोइसच्या वेळूत, त्याच्या पुढचा ह्याच्या वेळूत. जोडीतला एकटा वाजवायला लागला तर गाणं होतं का? अर्धं गाणं घेऊन बसलाय तो केर्न्सला. उरलेलं अर्धं इथे चुलीवर काळं पडतंय.”

बाबांची जुडी खरंच चुलीवर टांगलेली आहे. मेळ्यात आता तीनच जोड्या उरल्या आहेत आणि परदेशाची बोलावणी बंद झाली आहेत. लोक म्हणतात, केर्न्सचा कार्यक्रम संपल्यावर तू कुणाला न सांगता मागच्या दाराने पळालास. मला ते पटत नाही. माणसाला आपली वाट निवडायचा हक्क आहे, असं मी चारचौघांत बोलले. आईने लगेच मला पाणी आणायला पिटाळलं.

बाबा मात्र तुझ्याबद्दल एकही वाकडा शब्द बोलत नाहीत. त्यांना खोकला आहे. विशेष काही नाही म्हणतात.

तिकडचं सगळं सविस्तर लिही. मला मुलांना वाचून दाखवायचं आहे.

तुझी भाची,
फिलोमेना


केर्न्स
३ मार्च १९९४

बी.ए. बाईंना मामाचा सलाम!

तुझं अक्षर पाहून मी माझं पत्र दोनदा फाडलं. आमच्या घराण्यात असं अक्षर कुणाचं? तुझ्या आईने शाळेत एक ‘ब’ काढला होता, तो सुद्धा उलटा.

हॉटेल मोठं आहे. आपल्या खाडीच्या तोंडाएवढा पोहायचा हौद आहे, पाणी निळंशार आणि त्यात मासा एक नाही. रोज संध्याकाळी माझा कार्यक्रम असतो. माझी ओळख ‘मलैताचे सरदार’ अशी करून देतात. भावोजींना हे जरूर वाचून दाखव. ज्याच्या भरवशावर त्यांनी कधी एक डुक्कर सोडलं नाही, तो सरदार झाला!

लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. जोडीदाराचं म्हणशील तर इथे आता तंत्र फार पुढे गेलं आहे, त्यामुळे माझं अडत नाही. कसं ते भेटीत सांगेन. आपल्या राजधानीच्या, होनियाराच्या रेडिओला मी माझी कॅसेट पाठवली आहे. लावतील तेव्हा अख्ख्या गावाला ऐकव आणि मथायस म्हाताऱ्याला पुढे बसव. म्हणावं, ‘तो’ वाजवतोय.

भावोजींना आल्याचा रस गरम करून दे. आणि पत्र ह्याच हॉटेलच्या पत्त्यावर पाठवत जा, इथे सगळे मला ओळखतात.

तुझा,
सरदार बोनिफेस


हाउतारा
२४ एप्रिल १९९४

प्रिय मामा,

बाबा गेले.

खोकला साधा नव्हता. ईस्टरच्या पुढच्या आठवड्यात त्यांना होडीतून दवाखान्यात नेलं, तिथून ते बोलत परत आले नाहीत. आई रडली नाही. तिने त्यांचे कपडे धुतले, वाळत घातले आणि त्यांच्या खाली बसून राहिली.

तुझं पत्र मी त्यांना कितीदा वाचून दाखवलं! ‘सरदार’ आलं की ते हसायचे आणि हसताना खोकायचे. शेवटी आईने मला ओरडून तेवढी ओळ गाळायला लावली. मग तेच म्हणायचे, “एक ओळ गाळलीस गं. पदवीधर ना तू?”

आता रीतीचं लिहिते. गावातले पावे बंद झाले आहेत. रानबदामाचा हंगाम आला की बाबांच्या नावाचं जेवण होईल, तोवर हाउताऱ्यात कुणी वेळू ओठाला लावणार नाही. माझ्या शाळेतल्या जुड्याही मी कपाटात ठेवल्या. जेवणाच्या दिवशी पहिला सूर फुंकून मेळा उघडायचा तो तूच. दुसरं कुणी उघडू शकत नाही, कारण त्यांचा जोडीदार तू होतास. मथायस आजोबांनी मला हे लिहायला सांगितलं आणि सांगताना आज पहिल्यांदाच तुझं नाव घेतलं.

ये, मामा. आईला आता तुझ्याशिवाय माहेरचं कुणी नाही.

फिलोमेना


हाउतारा
२७ जून १९९४

मामा,

तुझं उत्तर आलं नाही. दुःखाने तुला लिहवत नसेल अशी मी सगळ्यांची समजूत घालत होते. आज ते सगळं बाजूला ठेवून लिहिते आहे, कारण काल जे घडलं त्यात मी तोंडघशी पडले आहे आणि त्याला कारण तूही आहेस.

होनियाराच्या रेडिओने तुझी कॅसेट लावणार असं जाहीर केलं. मथायस आजोबा म्हणाले, पावे बंद आहेत, ऐकायचं नाही. मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, इथे कुणी वेळू फुंकत नाहीये, हा वारा केर्न्सचा आहे. मामाने हे बाबा असतानाच पाठवलं होतं आणि बाबांना ते ऐकायचं होतं. मला बोलता येतं, मामा. सुवाला मी ते शिकले आहे. अखेर ते म्हणाले, “तू शिकलेली आहेस. तुला कळत असेल.”

शाळेचा रेडिओ मी स्वतः उचलून सभाघरात आणला. सगळं गाव जमलं होतं. बाया टारोचे कंद सोलता सोलता आल्या होत्या. निवेदकाने तुझं नाव घेतलं तेव्हा मी आईकडे अभिमानाने पाहिलं.

आणि दोन्ही बाजू वाजल्या. तुझी आणि बाबांची.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं. बाबांचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळे प्रत्येक फुंकेच्या आधी बारीकशी हवा सुटायची, आठवतं? आईच्या हातातला टारो खाली पडला. ती म्हणाली, “हा त्याचा दात आहे.” कुणीतरी म्हणालं, तेरेसा, असं काही नाही. तर ती ओरडली, “तो दात माझ्यासमोर तुटलाय! मला सांगता?”

मग सगळ्यांनाच ऐकू यायला लागलं. बाबा श्वास घेत होते आणि फुंकत होते, फुंकत होते. मला रेडिओ बंद करायचं सुचलं नाही. मथायस आजोबांनी उठून बंद केला. बायांनी पहिल्या दिवसासारखा आकांत केला. आजोबा मला एवढंच म्हणाले, “ज्याच्यासाठी सगळे गप्प बसलोय, त्यालाच तुम्ही वाजवायला लावलंत.”

‘तुम्ही’ म्हणजे तू आणि मी. मी आज शाळेत गेले नाही. मुलं समोर आली तर मी त्यांना काय सांगू?

बाबांचा श्वास तुझ्याकडे कसा आला? तू तो चोरलास का? जोडीदाराशिवाय अडत नाही म्हणालास, ते हेच तंत्र का?

फि.


केर्न्स
२१ जुलै १९९४

फिलो,

तुझी दोन्ही पत्रं मला एकाच दिवशी मिळाली. ती हॉटेलच्या टेबलामागच्या खणात पडून होती. त्या हॉटेलातून मला जानेवारीतच काढलं होतं. तुझ्या पहिल्या पत्राला उत्तर लिहिलं तेव्हा मी तिथे नव्हतोच. दारवानाच्या ओळखीने पत्र तेवढं येत होतं, मग तो दारवानही गेला. नव्या माणसाला ‘माझं पत्र आहे का’ म्हणून विचारायची मला लाज वाटायची. तो मला ओळखत नव्हता.

सरदार म्हणायचे हे खरं आहे. दुपारच्या जेवणाला. डोक्यावर पिसं घालायचो, ती कुठल्या बेटाची होती देव जाणे, आपली नव्हती. टाळ्या वाजवायला लोकांचे हात मोकळे नसायचे, कोळंबी सोलत असायचे. आता मी शनिवारच्या बाजारात बसथांब्याजवळ वाजवतो. बाकीचे दिवस खुर्च्या उचलायचं काम असतं.

बाजूला कॅसेटचं यंत्र ठेवतो. त्यात भावोजींची बाजू वाजते, तिच्यावर मी माझी वाजवतो.

ती मी चोरलेली नाही, पण तू म्हणालीस तेही चूक नाही. मी मागच्या दाराने गेलो नव्हतो. भावोजींना माहीत होतं. मेळा परत निघायच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, “राहायचं तर राहा मेव्हण्या, पण माझ्या मागून येणारी बाजू एकट्याला फार दिवस आठवत नाही.” मग माझ्या खोलीतल्या न्हाणीघरात बसून त्यांनी आपली बाजू टेपवर भरली. तिथे आवाज घुमतो म्हणाले. कॅसेट देताना म्हणाले, “सरावाला आहे हां. दुकान मांडू नकोस.”

मी दुकानच मांडलं.

त्यांनी हे गावात सांगितलं नाही? सांगितलं असतं तर पळपुटेपणाचा अर्धा आळ त्यांच्यावर आला असता, म्हणून नसेल असं मला वाटायचं. आता वाटतं, सांगितलं असतं तर खुलासा करायला मला परत यायचं कारण उरलं नसतं, म्हणून नसेल.

आणखी ऐक. मेमध्ये इथल्या चर्चमध्ये मलैताचा एक खलाशी भेटला. तो म्हणाला, “अलोइसचं फार वाईट झालं.” मला काही ठाऊक नव्हतं. पण ‘घरचं कळत नाही का तुला’ असं तो म्हणेल म्हणून मी मान हलवली. म्हटलं, “हो ना, फारच वाईट.” म्हणजे भावोजी गेल्याचं मी अशा रीतीने ऐकलं की मला ‘कधी? कसे?’ हेही विचारता आलं नाही.

खोटं लिहीत नाही, त्यानंतरच्या शनिवारीही मी कॅसेट लावली. लोक थांबले होते. नंतरच्या शनिवारीही.

मी येऊ शकत नाही. काम सुटत नाही असं लिहिणार होतो, पण तुझ्या पत्रानंतर तसं लिहवत नाही. मथायसच्या समोर उभा राहू शकत नाही. ताईसमोर तर नाहीच. दुसऱ्या कुणाकडून उघडून घ्या. तुझी सभाघरात मान खाली गेली, ती माझ्यामुळे. तू शाळेत जा.

बोनिफेस


हाउतारा
४ ऑगस्ट १९९४

मामा,

हे पत्र आईचं आहे. ती बोलते आणि मी लिहिते. तिने मला एकही शब्द सुधारायची बंदी केली आहे.

“बोन्या, तुझं पत्र फिलोने मला वाचून दाखवलं. मथायसलाही वाचून दाखवलं. मीच सांगितलं तिला. ती नको म्हणत होती, मामाची लाज जाईल म्हणे. म्हटलं, लाज हिच्या मामाला कधी होती ते जाईल? सरदार!

“अलोइसने तुला कॅसेट दिली हे मला त्याने सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात माणूस बायकोपासून काय लपवतो, तर मेव्हण्याचं पाप. त्याच्यावर मी रागावले आहे. पण त्याच्यावर रागावून उपयोग नाही, म्हणून दोघांचा राग तुझ्यावर आहे.

“दुसऱ्याकडून उघडून घ्या म्हणतोस. दुसरा कुठला? तुझ्यासाठी रीत बदलायची का? तू आला नाहीस तर पावे बंद राहतील. ह्या वर्षी, पुढच्या वर्षी. शाळेतली पोरं कपाटाकडे बघत बसतील. लोकांची लग्नं मुकी होतील आणि जो तो म्हणेल, तेरेसाच्या भावामुळे. मी ह्याच गावात राहते, बसथांब्यावर नाही.

“तोंड दाखवायला लाज वाटते तर तोंड झाकून ये. वाजवायला ओठ तेवढे उघडे ठेव.”

आई इथे थांबली आणि मागच्या दारी गेली. मामा, मी माझं एक वाक्य जोडते. मी शाळेत जाते आहे. मुलांनी मला रेडिओबद्दल काही विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

फिलोमेना


हाउतारा
१२ सप्टेंबर १९९४

प्रिय मामा,

तू होनियाराला मिशनच्या वसतिगृहात उतरला आहेस असं सिस्टर अपोलोनियाकडून कळलं. म्हणजे अजून केर्न्सला गेला नाहीस. हे पत्र तिच्याच हाती देते आहे. ह्या वेळी पत्ता मी तुला विचारलेला नाही.

बाबांच्या जेवणाला तू आलास, पण शेवटपर्यंत थांबला नाहीस, म्हणून पुढे काय झालं ते तुला माहीत नाही. तू उघडायला उभा राहिलास ते मी बाजूने पाहत होते. केळीच्या पानावर बाबांची जुडी ठेवली होती आणि तिच्यासमोर तू. मी मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की जोडीदार आता फक्त आपली बाजू वाजवेल आणि गेलेल्या माणसाच्या सुरांच्या जागा मोकळ्या सोडेल. त्या जागा ऐकायच्या, म्हणजे तो नाही हे कळतं.

तू वाजवायला लागलास. तू भराभर वाजवत होतास. तुला ते कळतही नव्हतं. यंत्र कुणासाठी थांबत नाही, आणि इतकी वर्षं तू त्याच्याबरोबर धावलास. बाबांच्या सुरांच्या जागा इतक्या अरुंद झाल्या होत्या की त्यांत कुणी शिरू शकलं नसतं. म्हाताऱ्या माणसांनी माना खाली घातल्या. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

तू थांबलास तेव्हा आई म्हणाली, “पुन्हा.”

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तू म्हणालास, “ताई, मला येत नाही आता.” आणि ती म्हणाली, “पुन्हा वाजव. त्याला गुडघ्याचा त्रास होता. यायला वेळ लागतो त्याला.”

तिसऱ्या खेपेला तुझा श्वास रडण्याने तुटत होता, त्यामुळे असेल, किंवा तू खरंच तिचं ऐकलंस म्हणून असेल, पण जागा झाली. मी ते ऐकलं, मामा. मी सुवाच्या वर्गात ह्या रिवाजावर निबंध लिहिला होता आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. त्या निबंधात मला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं. आई त्या जागेकडे बघत होती, दारात कुणी आल्यावर बघतात तशी.

मग मथायस आजोबांनी आपली जुडी उचलली, तिन्ही जोड्या सुरू झाल्या आणि त्या आवाजात तू खाली किनाऱ्याकडे गेलास. आम्हाला वाटलं, तोंड धुवायला गेलास. पीटरच्या मोटरहोडीचा आवाज आला तेव्हा कळलं.

तुला वाटलं असेल की तू सगळं बिघडवलंस आणि तुझी अडचण नको म्हणून आपण निघावं. पण जो उघडतो त्याने पहिला घास घ्यायचा असतो, मामा, हे तू कसा विसरलास? त्याच्याआधी कुणी खायचं नाही. अख्खं गाव बसलं होतं. डुक्कर दगडांवरून उतरवलेलं, रानबदाम घालून कुटलेला टारो पानांवर वाढलेला, आणि तुझं पान भरलेलं, पुढे कुणी नाही. लहान मुलं रडायला लागली. कुत्री जवळ सरकायला लागली. पीटरचा भाऊ म्हणाला, दुसरी होडी घेऊन मी त्याला धरून आणतो. मथायस आजोबा म्हणाले, “धरून आणलेल्याने घेतलेला घास चालत नाही.” मला वाटलं, आता हेही राहणार, आणि ह्यातही दोष आपल्याच घराला.

आई उठली. तुझ्या पानावर जाऊन बसली. म्हणाली, “आमच्या आईने आम्हा दोघांना एकाच पानावर वाढलंय. ह्याच्या घासाला मी चालते. कुणाला चालत नसेल त्याने उपाशी घरी जावं.” आणि तिने डुकराच्या काळजाचा तुकडा उचलून तोंडात घातला. ती रडत होती, तुला शिव्या देत होती आणि चावत होती. आजोबांनी आपल्या पानाला हात लावला. मग सगळे जेवले.

माझ्या शाळेचं कपाट उघडलं आहे. मुलांच्या जोड्या लावते आहे. एक मुलगी उरते. मी तिच्यासमोर बसते, पण मला वाजवता येत नाही.

तू परत ये की नको येऊ, ह्याबद्दल मी तुला एक लांब परिच्छेद लिहिला होता. त्यात हक्क, कर्तव्य असे शब्द होते. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, तो काढून टाक आणि मी सांगते तेवढं लिही:

“बोन्या, पुढच्या वेळी पळायचं असेल तर आधी जेवून पळ. डुक्कर मोठं होतं. तुझ्या वाटणीचं मला दोन दिवस पचलं नाही.”

फिलोमेना